पहिल्या वर्षाच्या मुलांना लीडर करायचं म्हणजे नक्की काय करायचं

दरवर्षी पहिल्या आठवड्यात मी वर्गात एक प्रश्न विचारते, की तुमच्यातलं कोण कोण स्वतःला लीडर समजतं, हात वर करा. साठ-सत्तर मुलांत चार-पाच हात वर जातात आणि तेही अर्धवट, कोपरात वाकलेले, बाजूच्याकडे बघत बघत. मग मी विचारते की धाकट्या भावंडाचा अभ्यास कोणी घेतलाय, दोन मैत्रिणींचं भांडण कोणी मिटवलंय, घरातल्या आजारी माणसाला एकट्याने दवाखान्यात कोणी नेलंय, मॅच हरत असताना बाकीच्यांना धीर कोणी दिलाय. आता जवळजवळ सगळे हात वर असतात, आणि चेहऱ्यावर एकच भाव, की अरे हे पण धरायचं असतं का यात?

धरायचं असतं. किंबहुना हेच धरायचं असतं.

मी गेली १२ वर्षं फर्स्ट इयरला शिकवतेय आणि त्यातली बरीच वर्षं "विद्यार्थ्यांमध्ये नेतृत्वगुण विकसित करणे" या नावाखाली जे काही चालतं त्यात मी अगदी मनापासून भाग घेतलाय. ओरिएंटेशनला पाहुणे बोलवायचे, दोन तासांचं वर्कशॉप ठेवायचं, एक-दोन गेम घ्यायचे, सर्टिफिकेट द्यायचं, ग्रुप फोटो काढायचा. मुलांना त्या दिवशी मजा येते हे खरं आहे, ओळखी होतात तेही खरं, नाही असं नाही. पण दोन महिन्यांनी त्याच मुलांना एखादं साधं काम सांगितलं की परत सगळे एकमेकांकडे बघायला लागतात, कारण त्या दोन तासांत त्यांनी लीडरशिपबद्दल ऐकलेलं असतं, केलेलं काहीच नसतं. काठावर बसून पोहायला येत नाही.

आणि मुलांच्या डोक्यात लीडर म्हणजे एक पद असतं हा दुसरा मोठा अडथळा. सुझन कोमिव्हेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध केला, फक्त १३ विद्यार्थ्यांशी खूप सविस्तर बोलून केलेला, की एखादा विद्यार्थी स्वतःला लीडर मानायला कसा लागतो. त्यात त्यांनी सहा टप्पे मांडलेत. आधी लीडर म्हणजे कोणीतरी दुसरं, मोठं माणूस. मग पोरं वेगवेगळ्या गोष्टींत भाग घ्यायला लागतात, मग एक टप्पा असा येतो की ज्याच्याकडे पद आहे तो लीडर आणि बाकीचे त्याच्या मागे, आणि त्याच्या पुढे कधीतरी हे उमगतं की पद नसलं तरी ग्रुपमधलं कोणीही पुढाकार घेऊ शकतं. माझ्या अनुभवात फर्स्ट इयरची बहुतेक मुलं या "पद म्हणजे लीडर" वाल्या टप्प्यावर अडकलेली असतात आणि आपण मोठी माणसं त्यांना तिथेच अजून घट्ट बसवतो, पहिल्याच महिन्यात सीआर, म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी, निवडून, बॅज देऊन. एकाला बॅज मिळाला की बाकीच्या साठ जणांना न सांगता कळतं की आता आपल्याला काही करायचं नाहीये.

अजून एक गोष्ट मला फार खटकते. कुठल्याही कार्यक्रमात फर्स्ट इयरला काय काम मिळतं? खुर्च्या उचला, बॅनर धरा, पाण्याच्या बाटल्या ठेवा, गर्दी कमी पडली तर येऊन बसा. निर्णय सगळे थर्ड इयरचे. दोन वर्षं खुर्च्या उचललेल्या मुलाच्या हातात तिसऱ्या वर्षी अचानक अख्खा कार्यक्रम देतात आणि मग म्हणतात हल्लीच्या मुलांना जबाबदारीच कळत नाही. कुठून कळणार? खुर्च्या लावणं हलकं काम आहे असं माझं म्हणणं नाही, अजिबात नाही, पण किती खुर्च्या लागतील, कशा लावायच्या, व्हीलचेअर कुठून येईल हे ठरवायचं काम पण त्यालाच द्या ना. तेच काम, पण आता त्यात डोकं लागतं आणि चुकलं तर आपलं चुकलं असं वाटतं.

दोन-तीन वर्षांपूर्वी एक प्रसंग घडला त्याने माझी काम करायची पद्धत बदलली, तो जरा नीट सांगते. सिनिअर्सकडची जुनी पुस्तकं गोळा करून ज्यांना गरज आहे त्या फर्स्ट इयरच्या मुलांना द्यायची, असा एक छोटा उपक्रम मी सहा जणांच्या ग्रुपला दिला. पहिल्या मीटिंगला पाच मिनिटांत लीडर ठरला. जो पहिल्यांदा बोलला तो. शाळेत हेड बॉय होता, आवाज खणखणीत, उत्साही, मनाने फार चांगला मुलगा. बाकीचे पाच जण सुटलो म्हणून मोकळे. पुढचे तीन आठवडे तो पोरगा राबराब राबला, पोस्टर त्याने केलं, सिनिअर्सच्या वर्गांत जाऊन तोच बोलला, खोके तोच उचलून आणायचा, रात्री एक वाजता ग्रुपवर अपडेट टाकायचा आणि त्याच्याखाली पाच अंगठे.

वाटपाच्या दिवशी टेबलावर पुस्तकांचे ढीग, दाराबाहेर रांग, आणि कुठल्या विषयाच्या किती प्रती आहेत, कुठलं पुस्तक वर्षाअखेर परत द्यायचंय, कोणाला, कशाचाच पत्ता नाही. पोरगा घामाघूम झालेला, एकाच ढिगातली पुस्तकं तिसऱ्यांदा मोजतोय. तेवढ्यात मागे भिंतीला टेकून उभी असलेली एक मुलगी पुढे आली, बॅगेतून एक वही काढली आणि मागच्या बाजूने उघडली. शेवटच्या सात-आठ पानांवर पट्टीने आखलेले रकाने. विषय, आवृत्ती, कोणाकडून आलं, पानं फाटलीत का, परत हवंय का. जी पुस्तकं परत द्यायची होती त्यांच्यापुढे लाल पेनाने बारीक गोल. ही मुलगी तीन आठवड्यांत एकाही मीटिंगमध्ये एक शब्द बोलली नव्हती. खोका आला की एका कोपऱ्यात बसून ती नोंद करून ठेवायची, कोणी सांगितलं नव्हतं. त्या वहीवर अख्खं वाटप पार पडलं. नंतर मी तिला विचारलं, अगं आधी का नाही बोललीस? तर म्हणाली, "मॅडम मला वाटलं त्याने लिस्ट केलीच असेल, मी आपली माझ्यापुरती करत होते."

"त्याने केलीच असेल." हे वाक्य मी त्यानंतर इतक्या वेळा ऐकलंय की विचारू नका. १९६८ मध्ये बिब लाताने आणि जॉन डार्ली यांनी केलेला एक प्रयोग आहे, खोलीत विद्यार्थी फॉर्म भरत बसलेत आणि भिंतीतून धूर यायला लागतो. एकटा असेल तर ७५ टक्के मुलांनी बाहेर जाऊन सांगितलं. पण सोबत दोन माणसं अशी बसवली की जी धूर बघूनही ढिम्म, तर फक्त १० टक्के उठले. मुलं तशीच, धूर तोच. म्हणजे फर्स्ट इयरचं पोर गप्प बसतं ते त्याला दिसत नाही म्हणून नाही, बाकीचे शांत आहेत म्हणजे काही नसेल असं वाटतं म्हणून. नव्या जागी, नव्या लोकांत, सगळ्यांसमोर आपलं हसं होईल ही भीती असताना तर हे अजूनच जास्त होणार.

आणि ते पाच अंगठे, त्याला पण कारण आहे. रिंगलमन नावाच्या एका फ्रेंच इंजिनिअरने शंभरेक वर्षांपूर्वीच दाखवलं होतं की दोरी ओढायला माणसं वाढवत गेलं की प्रत्येकाचा जोर कमी होत जातो. १९७९ मध्ये लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी टाळ्या आणि ओरडणं मोजून तेच दाखवलं, ग्रुप मोठा झाला की माणशी आवाज कमी. पण खरी कामाची गोष्ट त्यांनी १९८१ मध्ये दाखवली, की प्रत्येकाचा आवाज वेगळा ओळखू येणार आहे असं लोकांना वाटलं तर ही ढिलाई राहत नाही. हे वाचलं तेव्हा मला ते पाच जण आळशी वाटेनासे झाले. त्यांचं काम कोणाला वेगळं दिसणारच नव्हतं, मी ते तसं दिलंच नव्हतं.

तर आता मी काय करते. ग्रुप चारचा, फार तर पाचचा. पहिले सहा आठवडे लीडर नेमायचा नाही, कोणी मागितलं तरी नाही. काम मात्र आधीच तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्यापुढे एक नाव आणि एक तारीख, भिंतीवरच्या कागदावर, सगळ्यांना दिसेल असं. आणि काम खरं हवं. खरं म्हणजे ते नाही झालं तर कुणाचं तरी अडलं पाहिजे. लायब्ररी किती वाजेपर्यंत उघडी ठेवावी यावर शंभर मुलांना विचारून निर्णय घेणाऱ्यांपर्यंत पोचवणं हे खरं काम, "लीडरशिप" या विषयावर पोस्टर बनवणं हे खोटं काम. मुलांना हा फरक आपल्यापेक्षा लवकर कळतो.

मीटिंग चालवायचं काम दर आठवड्याला वेगळ्याकडे. इथे परत त्या वहीवाल्या मुलीकडे येते. त्या वाटपानंतर तिला मी मुद्दाम दुसऱ्याच आठवड्याची पाळी दिली, १५ मिनिटं, तीन मुद्दे, बस. ती एका चिठ्ठीवर मुद्दे लिहून आली होती आणि चिठ्ठी इतकी घट्ट धरलेली की कागद ओला. मीटिंग चांगली झाली नाही, खरं सांगायचं तर वाईटच झाली. दोघं मोबाईलमध्ये, एक उशिरा आला, पंधरा मिनिटांची मीटिंग चाळीस मिनिटं चालली आणि ठरलं काहीच नाही. नंतर आम्ही दोघी तिथेच बसलो आणि मी फक्त विचारलं, काय झालं असं तुला वाटतं? बराच वेळ विचार करून म्हणाली, "मी प्रश्न विचारला की सगळे गप्प बसतात, मग मला वाटतं माझंच चुकलं, म्हणून मी लगेच पुढच्या मुद्द्यावर जाते."

एवढं बारीक निरीक्षण स्वतःबद्दल, अठराव्या वर्षी! मी तिला मेरी बड रो यांच्या कामाबद्दल सांगितलं, त्यांनी १९७० च्या आसपास वर्गांतली रेकॉर्डिंग्ज तपासली तर शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबतात असं निघालं. ते थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर मुलांची उत्तरं लांब झाली, एरवी गप्प बसणारी मुलं बोलायला लागली. म्हटलं, तू चुकत नाहीयेस, तू थांबत नाहीयेस. प्रश्न विचार, मनात दहापर्यंत मोज, आणि "कोणाला काही वाटतं का" असं हवेत सोडू नकोस, एकाचं नाव घेऊन विचार. पुढच्या वेळी तिने मोजलं. मला तिचे ओठ हलताना दिसत होते. सातवर कोणीतरी बोललं.

माझ्या मते फर्स्ट इयरला लीडरशिप शिकवणं म्हणजे बरंचसं हेच आहे, इतकं लहान. मीटिंग कशी सुरू करायची, कशी संपवायची, ज्याने काम केलं नाही त्याला चारचौघांत न बोलता बाजूला घेऊन कसं विचारायचं, मोठ्या माणसाला मेल कसा लिहायचा, "मला जमणार नाही" हे वेळेवर कसं सांगायचं. व्हिजन वगैरे नंतर बघू.

तो हेड बॉय मुलगा, त्याच्यासोबतही मी नंतर बसले, कारण त्याचंही शिकायचं राहून गेलं होतं आणि तो आतून फार दुखावला होता. त्याला वाटत होतं सगळ्यांनी दगा दिला. मी विचारलं, तू मदत मागितलीस कशी? त्याने मोबाईल काढून दाखवलं, ग्रुपवर मेसेज होता, "गाईज कोणीतरी पोस्टर करा प्लीज." कोणीतरी म्हणजे कोणीच नाही. आम्ही तोच मेसेज परत लिहिला, एका मुलाचं नाव घेऊन, की गुरुवारी संध्याकाळपर्यंत पोस्टरच्या चार ओळी लिहून देशील का, चित्राचं मी बघतो, जमणार नसेल तर आजच सांग. तो म्हणाला, "पण असं सांगितलं तर त्याला राग नाही का येणार? त्यापेक्षा मी करतो ना." हे फार जणांचं असतं. स्वतः राबणं सोपं वाटतं, दुसऱ्याला सांगणं जड जातं. आपण अशा मुलांचं कौतुकच करत बसतो आणि ती सेकंड इयरला पोचेपर्यंत थकून सगळं सोडून देतात.

भांडणाबद्दल पण बोलायला हवं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात प्रत्येक ग्रुपमध्ये भांडण होतं, अगदी प्रत्येक. ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये ग्रुपवरचे पन्नासेक अभ्यास एकत्र वाचून मांडलं होतं की आधी ग्रुप जमतो, मग खटके उडतात, मग रीत बसते आणि मग काम होतं. मुलांना मी हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवते, की तुमचं वाजणार आहे, वाजलं म्हणजे ग्रुप वाईट आहे असं नाही. आधी सांगितलेलं असलं की वाजल्यावर निम्मी मुलं माझ्याकडे ग्रुप बदलून मागायला येत नाहीत. पण खरी परीक्षा माझी असते. पहिली काही वर्षं मी लगेच मध्ये पडायचे, दोघांना बोलवून समजूत घालायचे, काम परत वाटून द्यायचे, आणि मला वाटायचं किती छान सोडवलं. मुलं मात्र त्यातून एवढंच शिकली की अडलं की मॅडम आहेत. आता मी विचारते, तुम्ही आपापसात काय बोललात? आणि उत्तर "काही नाही" असेल तर आधी बोलून या. कोणी कोणाला त्रास देत असेल, घाबरवत असेल तर अर्थात लगेच मध्ये पडायचं, तिथे थांबणं बरोबर नाही. पण कामावरून वाद असेल तर थांबायचं. थांबणं सगळ्यात अवघड आहे, मला अजूनही जड जातं.

चुका लपवायची सवय हा अजून एक विषय. शाळेत चूक म्हणजे मार्क गेले, त्यामुळे मुलं चूक झाली की आधी ती झाकतात. एमी एडमंडसन यांनी हॉस्पिटलमधल्या टीम्सवर काम केलं होतं, त्यांना वाटत होतं चांगल्या टीम्स कमी चुका करत असतील, तर आकड्यांत उलटंच, चांगल्या टीम्सच्या नावावर चुका जास्त. मग लक्षात आलं की त्या टीम्स चुका उघड बोलत होत्या, बाकीच्यांच्या चुका नोंदलेल्याच नव्हत्या. म्हणून आमच्या प्रत्येक मीटिंगची सुरुवात "या आठवड्यात काय फसलं" इथून होते आणि पहिली मी सांगते. मागच्या महिन्यात मी हॉल बुक करायला विसरले होते, ते सांगितलं. त्यानंतर एका मुलाने हळूच सांगितलं की त्याने दोन वर्गांना चुकीची तारीख कळवलीय. तीन दिवस आधी कळलं म्हणून निस्तरता आलं.

आता एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली आणि तिचं मला खरंच वाईट वाटतं. हे सगळे उपक्रम मी वर्षानुवर्षं संध्याकाळी, तास संपल्यावर घेत आले. जी मुलं थांबत नाहीत त्यांना इंटरेस्ट नाही असं मी धरून चालले होते. एका मुलाला मी एकदा विचारलं पण, जरा चढ्या आवाजातच, की तू कधीच का थांबत नाहीस. तो म्हणाला, "मॅडम चारला ड्युटी असते." कॉलेज सुटलं की तो थेट कामावर जातो, रात्री दहाला घरी. तिथे तो दोन नव्या मुलांना काम शिकवतो, कोणी आलं नाही तर शिफ्ट तोच लावतो. म्हणजे ज्या गोष्टी मी वर्गातल्या मुलांना शिकवायचा खटाटोप करत होते त्या हा मुलगा रोज संध्याकाळी करत होता आणि माझ्या कागदावर त्याच्या नावापुढे "सहभाग नाही". लांबून येणारी मुलं, घरी कोणाचं तरी करावं लागणाऱ्या मुली, सगळ्यांच्या नावापुढे तेच.

यंदापासून मीटिंग ट्युटोरियलच्या तासातच घेतेय, शेवटची वीस मिनिटं. सिलॅबसचं गणित जरा बिघडलंय, ते जुळवतेय, दोन टॉपिक मुलांनी एकमेकांना शिकवायचे असं ठरवलंय. तो मुलगा आता ग्रुपमध्ये आहे. प्रॅक्टिकलच्या दोन बॅचच्या वेळा एकमेकांवर येत होत्या त्याचं काम त्याने अंगावर घेतलंय, दोन्हीकडच्या सरांना स्वतः भेटून आला. पुढच्या आठवड्यात मीटिंग चालवायची पाळी त्याची. मुद्दे त्याने आत्ताच मोबाईलमध्ये लिहून ठेवलेत असं बाकीचे म्हणत होते. मला दाखवले नाहीत, आणि मीही मागितले नाहीत.